शेपटीचं चाक आणि माळावरची धावपट्टी: आरसी बुश प्लेन मोडू नये म्हणून

दिवाळी झाली की फोन सुरू होतात. तक्रारी दोनच. ‘विमान झकास आहे, पण टेकऑफला डावीकडं पळतंय,’ नाहीतर ‘उतरलं होतं ओ व्यवस्थित, शेवटी गिरकी घेतली आणि पंख टेकला.’ मग वाऱ्याला शिव्या, मोटारीला शिव्या, सर्व्होला (पाते हलवणारी छोटी मोटार) शिव्या. मोडलेली विमानं हातात घेऊन बघितली की बहुतेक वेळा चूक हवेतली नसतेच. ती घरच्या फरशीवर राहून गेलेली असते, किंवा चाकं जमिनीला लागल्यानंतरच्या तीन सेकंदांत झालेली असते.

पुढचं सगळं १.३ ते १.५ मीटर पंखविस्ताराच्या, वर पंख असलेल्या, मोठ्या मऊ चाकांच्या, फोमच्या आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) बुश प्लेनला, म्हणजे कच्च्या जागेवरून उडणाऱ्या विमानाला धरून लिहिलंय. पायपर कब या छोट्या विमानासारखं दिसणारं कुठलंही चालेल. पहिलंच आरसी विमान म्हणून मात्र हे घेऊ नका. आधी नाकाखाली चाक असलेल्या ट्रेनरवर हात बसवा.

टेलड्रॅगर, म्हणजे पुढं दोन मुख्य चाकं आणि शेपटीला छोटं चाक असलेलं विमान, जमिनीवर अवघड का, ते ऊसवाल्या भागात समजावणं सोपं आहे. ट्रॅक्टरची ट्रॉली रिव्हर्स घेताना जरा वाकडी झाली की आपोआप आणखी वाकडी होत जाते. इथंही तसंच. विमानाचं वजन मुख्य चाकांच्या मागं असतं, त्यामुळं नाक थोडं वळलं की मागचं वजन त्याला आणखी वळवतं. चांगला ट्रॅक्टरवाला ट्रॉली वाकडी दिसायच्या आत स्टिअरिंग हलवतो. तुमचा रडर, म्हणजे उभ्या शेपटीचा डावं-उजवं वळवणारा पाता, तसा हलला पाहिजे.

टप्पा १: घरी, फरशीवर

हे काम दोन संध्याकाळींचं आहे. आणि क्रम महत्त्वाचा आहे: आधी सीजी (विमानाचा तोल जिथं राहतो ती जागा), मग चाकं, मग रिमोटमधले सर्व्होचे आकडे. लोक उलटं करतात. रिमोटमध्ये तासभर आकडे भरत बसतात आणि बॅटरी कुठं बसणार ते माळावर ठरवतात.

⚠ प्रॉप (नाकावरचा पंखा) काढून ठेवा. हा टप्पा संपेपर्यंत प्रॉप विमानावर नको.

सीजी. उडताना जी बॅटरी असेल तीच, त्याच जागी घट्ट बसवा. पुस्तिकेत आकडा दिला असेल तर तो घ्या. नसेल तर पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर सुरुवात करा. पंख सरळ आयताकृती आणि २४ सेंमी रुंद असेल तर हे अंतर ६ ते ७.२ सेंमी येतं. पंखाखाली दोन्ही बाजूंना पेनानं खूण करा आणि बोटांवर उचला. विमान सपाट किंवा नाक किंचित खाली असं राहिलं पाहिजे. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढं सरकवा. जागा संपली तर नाकात वजन घाला, पण तसंच उडवू नका. नाक जड असलेलं विमान कंटाळवाणं उडतं, शेपूट जड असलेलं फार वेळ उडतच नाही.

मुख्य चाकं. इथं गवंड्याचा ओळंबा लागतो. दोऱ्याला नट बांधला तरी चालेल. शेपटीखाली पुस्तकं रचून विमान उडताना असतं तसं सपाट करा. सीजीच्या खुणेवरून ओळंबा सोडा. चाक जिथं फरशीला टेकतं ती जागा ओळंब्याच्या पुढं हवी. किती पुढं? सीजीपासून त्या जागेपर्यंत ओढलेली रेषा उभ्या दोऱ्याशी साधारण १५ ते २० अंशांचा कोन करायला हवी. म्हणजे सीजी फरशीपासून २० सेंमी उंच असेल तर चाक ५ ते ७ सेंमी पुढं. यापेक्षा मागं असेल तर पहिल्या खड्ड्यात नाक आपटणार. फार पुढं असेल तर शेपूट उचलायला जड जाणार आणि गिरकीची खोड वाढणार. नवं विमान बहुतेक बरोबर येतं. दोन-तीन जोरात लँडिंग झाली की मात्र पायांची तार मागं वाकते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ओळंबा दर महिन्याला.

चाकांची दिशा. घरात शहाबादी फरशी असेल तर दोन फरशांमधली सांध्याची रेघ आयतीच मिळते. विमान त्या रेघेवर ठेवा, शेपटीचं चाक खाली, आणि हलकं ढकलून सोडा. तीन मीटरमध्ये ते रेघेपासून वीतभर बाजूला गेलं तर आधी शेपटीचं चाक बघा. रडर मध्यावर असताना ते चाक खरंच सरळ आहे का? नंतर पुढची चाकं. त्यांची पुढची कड एकमेकांकडं एखादा अंश आत वळलेली असली तर विमान सरळ धावायला मदत होते. बाहेर वळलेली असेल तर तार हातानं वाकवून आत घ्या. दोन्ही चाकं सारखीच मोकळी फिरतात का तेही बघा, एक घट्ट आणि एक सैल असेल तर रडर कितीही द्या, फरक पडत नाही.

रिमोट. रडरला भरपूर हालचाल ठेवा, एलेव्हेटरला (नाक वर-खाली करणारा शेपटीचा आडवा पाता) कमी. रडर, एलेव्हेटर आणि एलेरॉन (विमान कलवणारे पंखावरचे पाते) या तिन्हींवर ३० टक्के एक्स्पोपासून (स्टिक मध्याजवळ असताना हालचाल मऊ करणारी सेटिंग) सुरुवात करा. फेलसेफमध्ये, म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटल्यावर, थ्रॉटल (मोटारीचा वेग) शून्यावर हवा. ते सेट केलं एवढ्यावर विश्वास ठेवू नका. प्रॉप नसताना मोटार चालू करून रिमोट बंद करा आणि मोटार थांबते का ते डोळ्यांनी बघा.

⚠ जायरोवाल्यांसाठी (जायरो म्हणजे विमानाचा कल ओळखून पाते आपोआप हलवणारं यंत्र). विमान आपोआप सपाट ठेवणारा मोड जमिनीवर चालू ठेवू नका. टेलड्रॅगर उभा असतो तेव्हा त्याचं नाक वरच असतं. जायरोला वाटतं विमान चढतंय, म्हणून तो एलेव्हेटर खाली दाबून धरतो, आणि थ्रॉटल दिल्याबरोबर विमान नाकावर उभं राहतं. माझ्याकडं ‘मोटार फार ताकदीची आहे’ म्हणून आलेलं एक विमान या एकाच कारणानं तीन प्रॉप खाऊन बसलं होतं.

तपासणी: सीजीची खूण आहे. ओळंबा घेतला. रेघेवर सरळ धावलं. फेलसेफला मोटार थांबली. यातलं एकही ‘बहुतेक’ असेल तर रविवार रद्द.

टप्पा २: जागा

आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर जागा बघा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते. पिवळ्या भागाला परवानगी लागते, लाल भागाचा विचारच करू नका. आपल्याकडं, म्हणजे सांगली-साताऱ्याकडं, कराड आणि कोल्हापूर या दोन विमानतळांचा परिसर लक्षात ठेवायचा. कोयना धरणाच्या आसपास विषयच नको. कासचं पठार मोकळं दिसतं म्हणून मोह होतो, पण ते २०१२ पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. तिथं विमानाच्या मागं फुलांतून धावणं शोभत नाही. जागेच्या मालकाला विचारा, आणि गावात एकदा पोलीस पाटलांच्या कानावर घाला. पहिल्या दिवशी गर्दी होतेच, तेव्हा ही ओळख उपयोगी पडते.

जागा म्हणून आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, किंवा साताऱ्याकडं माण-खटावचे मुरमाड माळ उत्तम. झाडं कमी, तारा कमी, जमीन कडक. कृष्णाकाठचा भाग याउलट. चारी बाजूंना ऊस, मध्ये एखादं रिकामं रान. ते दिसायला हिरवंगार, पण चुकीला जागा देत नाही.

पवनचक्क्यांच्या पठारावर, म्हणजे चाळकेवाडी किंवा ढालगावच्या बाजूला, सुरुवात करू नका. वारा मोजून मोजूनच तिथं पवनचक्क्या उभ्या केल्यात.

पाचगणीसारख्या उंच जागेसाठी एक हिशेब. १,३०० मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १२ टक्के विरळ असते. त्याच विमानाला तिथं तरंगायला ६-७ टक्के जास्त वेग लागतो आणि प्रॉपची ओढ कमी पडते. म्हणजे धाव लांब, लँडिंग वेगात. सांगलीत सरावलेल्या हाताला ते लगेच जाणवतं.

टप्पा ३: धावपट्टी

४० ते ५० मीटर लांब, ६ ते ८ मीटर रुंद. वाऱ्याच्या दिशेत. याला जेसीबी लागत नाही. खोरं, घमेलं, खराटा आणि दोन माणसं पुरतात.

आधी पूर्ण पट्टी पायांखाली घाला. लिंबाएवढ्या दगडानं विमान मोडत नाही, पण चाक त्यावर चढलं की विमान वळतं, आणि वळण कसं वाढतं ते वर सांगितलंच आहे. म्हणून लिंबाएवढा आणि त्यावरचा प्रत्येक दगड बाहेर. उंदरांची, खेकड्यांची बिळं मुरमानं भरून पायानं दाबा. वाळलेलं कुसळी गवत काढा. कुसळं फोममध्ये घुसतात आणि सर्व्होच्या फटीत अडकतात. बाभळीचे काटे हाताने वेचावे लागतात, त्याला दुसरा उपाय नाही. हवा भरलेली चाकं असतील तर एक काटा म्हणजे एक रविवार. मी शेवटी भरीव फोमची चाकं घातली. उसळी थोडी जास्त बसते, पण डोक्याचा ताप गेला.

दोन्ही कडांना दर दहा मीटरवर चुन्याची बोटभर रेघ मारा. उतरताना विमान पट्टीच्या मध्यावर आहे का हे उभ्या जागेवरून कळत नाही, रेघांमुळं कळतं. एका टोकाला काठीला जुन्या साडीची हातभर पट्टी बांधा. ती सरळ आडवी फडफडत असेल तर आज नवख्याचा दिवस नाही.

टप्पा ४: दिवस आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी. नदीकाठी धुकं असेल तर विमानाच्या पलीकडचं झाड स्पष्ट दिसेपर्यंत थांबा. दहानंतर जमीन तापते, हवा उकळू लागते, आणि उतरताना विमान अचानक तरंगत राहतं. मार्च ते मे दुपारी वावटळ येते, संध्याकाळी वळीव. आणि घारी घिरट्या घालत वर चढताना दिसल्या की समजा हवेला उचल आलीय. त्यांच्यात जाऊ नका, त्या विमानावर झडप घालतात.

पावसाळ्यात चाकं आणि सर्व्हो दुरुस्त करा.

टप्पा ५: माळावर पोचल्यावर

⚠ लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या दुचाकीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. सावलीत, एकमेकींपासून सुट्या, लोखंडी डब्यात. टोकं उघडी नकोत.

जोडणीचा क्रम: रिमोट चालू, थ्रॉटल खाली, मग बॅटरी. बंद करताना उलटं, आधी बॅटरी, मग रिमोट. त्यानंतर रेंज चेक मोड (रिमोटची ताकद मुद्दाम कमी करणारा) लावून ३० पावलं लांब जा. मित्रानं विमान धरलेलं असावं, आणि प्रत्येक पाता हलतोय हे त्यानं ओरडून सांगावं. मग विमानाच्या मागं उभं राहून पाते बघा. उजवीकडं एलेरॉन दिल्यावर उजव्या पंखाचा पाता वर जातो का? उलट्या एलेरॉननं उडालेलं विमान मी आजवर वाचलेलं बघितलं नाही.

टप्पा ६: आधी नुसतं चालवा

पहिली बॅटरी उडवण्यासाठी नाही. ती जमिनीवर संपवायची. हे कुणी ऐकत नाही, म्हणून वेगळा टप्पा केलाय.

वाऱ्याच्या समोर चालवताना एलेव्हेटर मागं ओढून धरा, म्हणजे शेपूट जमिनीला चिकटून राहतं आणि मागचं चाक वळवायचं काम करतं. वारा मागून असेल तेव्हा स्टिक मध्यावर किंवा किंचित पुढं. तेव्हा मागं ओढलीत तर वारा उचललेल्या पात्याखाली शिरून शेपूट वर करतो. पट्टीच्या या टोकाकडून त्या टोकाकडं, मध्ये इंग्रजी आठचे आकडे. नंतर थोडा वेग वाढवून शेपूट नुसतं उचलायचं आणि परत खाली ठेवायचं, पट्टीवर सरळ राहून. पाच वेळा सरळ जमलं की दुसरी बॅटरी.

टप्पा ७: टेकऑफ

विमान डावीकडं पळतं ते का? मागून बघितलं तर प्रॉप घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतो. त्याच्या ताकदीनं डावं चाक जमिनीवर जास्त दाबलं जातं. शेपूट खाली असताना उजवीकडून खाली येणारं पातं जास्त ओढ देतं. प्रॉपनं मागं फेकलेला पिळदार वारा उभ्या शेपटीला डावीकडून लागतो. आणि शेपूट उचलताना प्रॉपच्या भोवऱ्यासारख्या फिरण्यामुळं आणखी एक झटका डावीकडंच बसतो. चारही गोष्टी एकाच बाजूला. म्हणून उजवा रडर लागणारच, ते विमानाचं वैगुण्य नव्हे. चुकतं एवढंच की लोक थ्रॉटल एकदम देतात. चारही कारणं एकदम येतात आणि रडर पोचायच्या आत विमान पट्टीबाहेर गेलेलं असतं.

१. वाऱ्यासमोर, पट्टीच्या मध्यावर. एलेव्हेटर थोडा मागं.
२. थ्रॉटल तीन-चार सेकंदांत हळूहळू वाढवा. ‘एक विठ्ठल, दोन विठ्ठल’ असं मोजलंत तरी चालेल.
३. थ्रॉटलच्या बरोबरीनं उजवा रडर. नाक हललं की लगेच दुरुस्ती, पण टिचकीएवढी.
४. वेग आला की एलेव्हेटर सोडा, शेपूट आपोआप वर येईल. त्या क्षणी रडर थोडा जास्त.
५. वारा बाजूनं असेल तर वाऱ्याकडच्या बाजूला थोडा एलेरॉन.
६. चाकं हलकी झाल्यावर अगदी थोडं ओढा आणि उतरत्या छपराएवढ्या चढणीनं वर जा.

⚠ विमान पट्टीबाहेर चाललंय म्हणून घाबरून एलेव्हेटर ओढू नका. वेग नसताना उचललेलं विमान डावा पंख टाकून पडतं. थ्रॉटल बंद करा. गवतात गेलं तर जाऊ दे.

टप्पा ८: पहिली पाच मिनिटं

टायमर पाच मिनिटांवर. दोन-तीन झाडांएवढ्या उंचीवर आल्यावर ट्रिम करा (स्टिक सोडल्यावर विमान सरळ राहील अशी बारीक दुरुस्ती), त्याआधी बोट ट्रिमवर नेऊ नका. मग उंची आणखी थोडी वाढवा, मोटार कमी करा, एलेव्हेटर हळूहळू मागं ओढत जा आणि विमान कुठल्या वेगाला सुस्तावतं, कुठला पंख टाकतं ते बघून ठेवा. तेच फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खाली उतरणारे पाते) उतरवून. फ्लॅप उतरताना नाक वर येतं, त्याला किती एलेव्हेटर लागतो तेही आत्ताच समजून घ्या.

वळताना नुसता एलेरॉन दिला तर या जातीचं विमान आधी नाक उलट्या बाजूला फिरवतं आणि मग वळतं. एलेरॉनबरोबर त्याच बाजूचा रडर द्यायची सवय इथूनच लावा.

टप्पा ९: उतरणं

मुख्य प्रकरण हे आहे, इथं घाई नको.

वाऱ्याबरोबर पट्टीला समांतर जा, पट्टी संपल्यावर बरंच पुढं जाऊन वळा, परत वळा, आणि लांबून सरळ या. सगळ्यात जास्त विमानं शेवटच्या वळणात पडतात. पट्टीला चुकतंय म्हणून वळण आवळलं जातं, वेग कमी असतो, आतला पंख सुटतो. चुकलं तर चुकू दे, पुन्हा फेरी मारा.

सरळ रेषेत आल्यावर थ्रॉटलनं उंची सांभाळा आणि एलेव्हेटरनं वेग. उंची कमी पडतेय म्हणून एलेव्हेटर ओढणं ही ट्रेनरची वाईट सवय आहे. विमान तुमच्याकडं येताना डावं-उजवं गोंधळतं. तेव्हा जो पंख खाली पडलाय त्या बाजूला स्टिक न्या, पंख सरळ होतो.

मुरमावर तिन्ही चाकं एकदम टेकवायची पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. वेग कमीत कमी असतो, धाव छोटी होते, नाकावर जायची भीती कमी. गुडघ्याएवढ्या उंचीवर थ्रॉटल जवळजवळ बंद, आणि मग विमानाला टेकू द्यायचं नाही असं ठरवून एलेव्हेटर हळूहळू मागं घेत राहायचं. ते स्वतःच बसतं. वारा जास्त किंवा बाजूचा असेल तेव्हा मुख्य दोन चाकांवर, थोड्या जास्त वेगात उतरणं बरं, पण ते नंतर शिका.

उसळी बसली तर स्टिक पुढं ढकलू नका, दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी येते. छोटी असेल तर स्टिक धरून ठेवा, बसू द्या. मोठी असेल तर थ्रॉटल देऊन पुन्हा वर. फ्लॅप उतरलेले असतील तर नाक उसळेल, तेव्हा एलेव्हेटर थोडा पुढं दाबा, आणि वेग आल्यावरच फ्लॅप टप्प्याटप्प्यानं वर.

आणि आता ते तीन सेकंद. आटपाडीकडच्या माळावर माझं सुरेख लँडिंग झालं होतं. तिन्ही चाकं एकदम, उसळी नाही. मागून मित्रानं टाळ्या वाजवल्या, मी हसून मागं वळून बघितलं आणि अंगठे स्टिकवरून सुटले. विमान तेव्हा जेमतेम माणसाच्या चालीनं सरकत होतं. आडव्या वाऱ्यानं शेपूट ढकललं, विमान स्वतःभोवती फिरलं, बाहेरचा पंख टेकला, डाव्या पायाची तार बुडातून उपटली. दुरुस्तीला दोन आठवडे लागले. बाजूला मेंढरं घेऊन उभा असलेला पोरगा म्हणाला, “उतरलं की मग फिरवलं कशाला, दादा?”

तपासणी: विमान पूर्ण थांबलं. मोटार बंद. एलेव्हेटर अजून मागं धरलेला आहे. आता अंगठा उचला.

टप्पा १०: उसात गेलं तर

कृष्णाकाठी हे कधी ना कधी होणार. दहा फूट उंच उसात दीड मीटरचं विमान वीस पावलांवरूनही दिसत नाही.

सगळ्यात आधी थ्रॉटल बंद. प्रॉप पाचटात अडकलेला असताना मोटार चालू राहिली तर ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारं सर्किट) जळतो, आणि वाळलेल्या पाचटात तापलेली लायपो म्हणजे फड पेटायची वेळ. मग जागेवरून हलू नका. विमान गेलं त्या रेषेत लांबची खूण बघा: विजेचा खांब, नारळ, देवळाचा कळस. एकानं तिथंच उभं राहून हात त्या रेषेत धरायचा, दुसऱ्यानं आत जायचं. फोन चालू ठेवा. बऱ्याच ईएससी रिमोट बंद केल्यावर बीप देतात. तुमची देते का ते घरीच बघून ठेवा, आणि देत नसेल तर छोटा बझर बसवा.

आत जायच्या आधी मालकाला शोधा. मला वाळव्याकडं एका मामांनी बांधावरूनच सांगितलं होतं, “पाव्हणं, ऊस आडवा कापत जाऊ नगा. सरीनं जावा, आन् पायाखाली बघून.” यातच सगळं आलं. सरी धरून शेवटापर्यंत, परत पुढची सरी. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट, हातात काठी. उसाची पानं हात कापतात आणि आत साप असतात.

विमान मिळालं की तिथंच बॅटरी काढा आणि ती फुगलीय का, कोपरा दबलाय का ते बघा. तसं असेल तर खिशात, बॅगेत, गाडीत नाही. उघड्या मुरमावर, पाचटापासून लांब, निदान अर्धा तास नजरेसमोर ठेवा, आणि ती पुन्हा चार्ज करू नका. बॅटरी धड असेल तर घरी नेऊन प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवा. त्याच संध्याकाळी ओळंबा काढा, कारण उसानं पायाची तार वाकवलेली असतेच.